उसनं बाळ

एप्रिल लागला की लालबागच्या मसाल्याच्या गल्लीत माणसं शिंकायला लागतात. मोठ्या कढईत मिरच्या परतल्या जात असतात, पलीकडे मसाला कुटायच्या डंकाचे दांडे धाडधाड खालीवर होत असतात, आणि तो ठसका रस्ता ओलांडून थेट बसस्टॉपवरच्या, मसाल्याशी काही देणंघेणं नसलेल्या माणसाच्याही नाकात शिरतो. बायका तोंडाला पदर नाहीतर ओढणी लावून आपापल्या डब्यांवर नजर ठेवून बसतात. नजर हलली की आपली मिरची दुसरीच्या मसाल्यात गेलीच, अशी प्रत्येकीची खात्री असते. मी दादरला राहायला गेले त्याला खूप वर्षं झाली, पण वर्षाचा मसाला करायला अजून इथेच येते, वहिनीबरोबर. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. दादा आता नाही. वहिनी आहे, आणि मिरचीवाल्याशी भांडायचा तिचा उत्साहही शाबूत आहे.

यंदा वहिनीच्या गुडघ्यांनी संप पुकारला, म्हणून ती घरी थांबली आणि दीपू सोबत आली. दीपाली ही वहिनीची चौथी आणि शेवटची मुलगी. ठाकूरद्वारला राहते, वहिनी तिच्याकडेच असते. आमचा डबा डंकावर चढला आणि मी रस्त्यापलीकडे बघत बसले. तिथे हल्ली मोबाइलची कव्हरं मिळतात. पूर्वी तिथे सरकारी कुटुंबकल्याण केंद्र होतं. दोन पायऱ्या, हिरवा दरवाजा आणि दारावर लाल त्रिकोण.

"काय बघतेस गं आत्या?" दीपूने विचारलं.

"काही नाही. कव्हर बदलायचंय मोबाइलचं," मी म्हटलं. माझ्या मोबाइलचं कव्हर नवंकोरं आहे.

त्या जागेकडे पाहिलं की माझ्या डोक्यात एक गोंधळ सुरू होतो. इतक्या वर्षांत तो काही सुटलेला नाही, आणि लिहून सुटेल अशीही आशा नाही. पण मसाला कुटून होईपर्यंत माणसाला दुसरं काम नसतं.

गिरण्यांचा संप सुरू होऊन काही महिने झाले होते, तेव्हाच्या एप्रिलची ही गोष्ट. त्या एप्रिलात गल्लीत कुणी शिंकत नव्हतं. कढया होत्या, पण घरोघरी वर्षाचा मसाला पुढे ढकलला गेला होता. संप मिटला की करू. लग्नं संप मिटल्यावर, चष्मा संप मिटल्यावर, मसाला संप मिटल्यावर. हवा कधी नव्हे इतकी स्वच्छ होती आणि मला त्या स्वच्छ हवेची भीती वाटायची. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते आणि घरच्यांच्या मते फार हुशार होते. आमच्या चाळीतल्या एका खोलीत आये, दादा, वहिनी, त्यांची तीन मुलं आणि मी. वहिनीला चौथं नको होतं. तिसऱ्या खेपेला ती मरता मरता वाचली होती, आणि त्यानंतर आता पुरे, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं.

तोवर ते पुरे कसं निभावलं होतं, हे मला अपघाताने कळलं. एकदा दादाचा जेवणाचा डबा मी घासायला घेतला. खालच्या कप्प्यात कागदात गुंडाळलेली गोळ्यांची पट्टी होती. वहिनीने ती माझ्या हातातून अलगद काढून घेतली. म्हणाली, "डोकेदुखीच्यो." पट्टीवर काय लिहिलं होतं ते मी वाचलं होतं आणि त्यात डोक्याचा काही संबंध नव्हता.

गिरणीच्या आवारात दवाखाना होता, तिथे कामगारांना ही पाकिटं फुकट मिळायची. पहिली पाळी संपवून निघताना दादा ते रिकाम्या डब्यात ठेवायचा. वहिनी डबा घासताना काढून घ्यायची. दोघं एकमेकांशी त्याबद्दल एक अक्षर बोलत नसत. बोलणार कुठे? त्या खोलीत आयेचं अंथरूण दाराशी, माझं कपाटाशी, मुलं मधे. तेव्हा मला वाटायचं की यापेक्षा सुंदर प्रेम जगात नसेल. पुढे वाटायला लागलं, प्रेम कसलं, ही नुसती लाज होती. आता वाटतं, त्या डब्यात दोन्ही एकत्रच येत असणार, आणि वेगळं करायची मला कुणी जबाबदारी दिलेली नाही.

संप सुरू झाला आणि गिरणीचं गेट बंद झालं. गेटच्या आत जाणं म्हणजे संप फोडणं. दवाखाना आतच होता. दादासारखा माणूस गोळ्यांच्या पट्टीसाठी गेट ओलांडेल हे शक्यच नव्हतं, आणि त्याने ओलांडावं असं वहिनीलाही वाटलं नसतं. डबा खिळ्याला टांगला गेला. शब्दांवाचून जे चाललं होतं ते थांबलं, आणि शब्द तर दोघांकडेही नव्हते.

दादाने दुसरी काही सोय का केली नाही, असं कुणी विचारेल. मीही मनात पुष्कळदा विचारलं आहे. निरोधची पाकिटं तेव्हा पानाच्या गादीवरही मिळत. पण पुरुषांमध्ये त्याची थट्टा चालायची आणि थट्टेच्या खाली भीती होती. आणीबाणीतल्या नसबंदीच्या धरपकडीच्या गोष्टी ताज्या होत्या, कुणाच्या मेहुण्याला नेलं, कुणाचा चुलता गावातून पळाला. लाल त्रिकोण दिसला की बापे लोक दुसरीकडे बघत. ज्या खात्याने एके काळी माणसांच्या पाठी लागून नको म्हणणाऱ्यांना ओढून नेलं, त्याच खात्याच्या दारात आता हवं म्हणणारी बाई उभी राहू शकत नव्हती. यात राग कुणावर धरावा?

कारण दार तर उघडं होतं. गोळ्या फुकट, कुणालाही मिळणाऱ्या, चाळीपासून हाकेच्या अंतरावर. अडचण एकच होती, ती दारासमोरच्या फुटपाथवर बसलेली असायची. संपाआधी सकाळी अकराला त्या रस्त्यावर पुरुष दिसत नसे. पहिल्या पाळीचे कामावर, दुसऱ्या पाळीचे जेवणात, रातपाळीचे झोपेत. बायकांचा रस्ता होता तो त्या वेळी. संपात सगळ्या पाळ्या एकदम फुटपाथवर येऊन बसल्या. खोलीत बसून करणार काय, बायकांच्या पायात येणार. पत्ते कुटत, एकच पेपर पाच जण वाचत, आज बोलणी होणार का याची चर्चा करत ती माणसं दिवसभर केंद्रासमोर बसून असत. वाईट नव्हती हो. कुणी कुणाच्या बायकोकडे वाकड्या नजरेने पाहील अशी तर मुळीच नव्हती. ती फक्त सगळं बघत होती, कारण बघण्याखेरीज त्यांच्या हाताला काम उरलं नव्हतं. आणि जी बाई त्या दोन पायऱ्या चढेल, तिच्या खोलीत रात्री काय होतं हे चाळभर झाल्यासारखंच होतं. उपास पडत असताना यांना हे सुचतं, असंही कुणी म्हणालं असतं. बहुतेक बायाच म्हणाल्या असत्या.

मग बायकांनीच एक युक्ती काढली. पहिल्यांदा कुणाला सुचली कोण जाणे. त्या केंद्रात तान्ह्या मुलांना डोस द्यायचे आणि वजनही करायचे. कडेवर बाळ असलं की ती पायरी चढणाऱ्या बाईला कुणी काही विचारत नसे. वहिनीची मुलं मोठी झाली होती, कडेवर बसवली तर पाय जमिनीला लागले असते. पण शेजारच्या कुंदाला पाच-सहा महिन्यांचा मुलगा होता, बाळू. गोरापान, गुटगुटीत, कुणाकडेही जाणारा. वहिनी तो उसना न्यायची. मग कळलं, वरच्या मजल्यावरचीही न्यायची. वाटीभर साखर मागावी तसं बायका कुंदाकडे बाळू मागायला येत, आणि कुंदा काही न विचारता त्याचं टोपडं बांधून देई.

मी एकदा वहिनीबरोबर गेले होते. सिस्टरने बाळूला बघून न बघितल्यासारखं केलं. "वजन करायचं ना बाळाचं?" ती बाहेरच्या फुटपाथला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. बाळूला काट्यात ठेवलं, उचललं, आणि कागदाची एक घडी त्याच्या दुपट्यात सरकवली. मला आठवतंय, बाळू काट्यात बसून हसत होता. त्याला सवय झाली होती. गिरणगावात इतक्यांदा वजन झालेलं दुसरं मूल नसेल. परत येताना फुटपाथवरून कुणीतरी म्हणालं, "काय वयनी, वाढता मा झील?" आणि वहिनीनेही कौतुकाने सांगितलं, "वाढता तर." तो झील, म्हणजे मुलगा, कुणाचा हे त्या माणसाला माहीत होतं. मग त्याला बाकीचंही माहीत होतं का? आज वाटतं, कदाचित सगळ्यांनाच माहीत असेल, आणि कडेवरचं बाळ ही केवळ सगळ्यांची अब्रू राखायची पद्धत असेल. पण हे मला आज वाटतं. तेव्हा वहिनीचे हात थंड असायचे.

याच दिवसांत भोईवाड्यातल्या एका शिवणाच्या कारखान्यात वहिनी लागली. पायमशीनवर परकर शिवायचे. घरात पगार आणणारी ती पहिली बाई. आयेला ते आवडलं नव्हतं, दादाला आवडलं की नाही कळलं नाही. वहिनीला मात्र फार आवडलं होतं. कारखान्यातून आल्यावर ती वेगळ्याच आवाजात बोलायची, जरा मोठ्याने. तिथे मालकीणबाईंनी तिला सांगितलं होतं, हात चांगला आहे, दिवाळीनंतर ब्लाउजच्या कामावर घेऊ. ब्लाउजचं काम म्हणजे कारागिरी. ती रस्त्याने जाताना बायकांच्या पाठी बघत चालायची, कुणाच्या बाह्या कशा बसल्यात ते.

मे आला आणि चाळ रिकामी होऊ लागली. एरवी लोक सुट्टीला गावी जात आणि जूनच्या तोंडावर परत येत. त्या वर्षी बायकामुलांना पाठवून दिलं ते परत आणायचं नाही असं ठरवूनच. गावात निदान तांदूळ आणि परसातली भाजी. कुंदाही गेली. बाळू तिच्या कडेवर बसून सगळ्यांना टाटा करत होता, आणि जिन्यात उभ्या असलेल्या बायकांचे चेहरे फार पडले होते. मला तेव्हा वाटलं, किती जीव आहे यांचा पोरावर. तोही होताच.

चाळीत दुसरं तान्हं उरलं नव्हतं. वहिनीची पट्टी संपत आली. मी म्हटलं, मी जाते. मला त्या फुटपाथची काय पडली आहे, असा माझा तोरा होता.

"येडी काय गो तू?" वहिनी म्हणाली. "तुझां लगीन होवचां आसा. त्या लायनीत तुका कोणी बघल्यान तर?"

शेवटी ती एकटीच गेली, हात मोकळे ठेवून. पायरीपर्यंत पोचली. तेवढ्यात फुटपाथवरून नाना उठले. नाना दादाबरोबर एकाच खात्यात होते, युनियनचं काम करायचे. संपात कुणाच्या घरी आजारपण आलं तर धावून जाणारा पहिला माणूस. एकमेकांना एकटं सोडायचं नाही, हे त्या संपातलं सगळ्यांनी आपणहून धरलेलं व्रत होतं.

"वयनी, बरां नाय काय? ताप इलो?"

वहिनीने मान हलवली. होय की नाही, तिलाही सांगता आलं नसतं.

"चला, मी येतंय तुमच्या वांगडा. एकट्या कित्याक जातात?"

आणि नाना तिला त्या हिरव्या दारावरून पुढे, कोपऱ्यावरच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथल्या रांगेत लोकांना म्हणाले, "संपातल्या माणसाची बायको आहे, जरा पुढे घ्या हिला." लोकांनी मुकाट्याने जागा दिली. डॉक्टरांनी जीभ बघितली. वहिनी लाल औषधाची बाटली घेऊन घरी आली, नाना दारापर्यंत सोडायला. आयेने त्यांना कोरा चहा दिला. नाना म्हणाले, माझ्या बहिणीसारखी आहे ती. खरंच म्हणाले, मनापासून.

ती बाटली फळीवर बरेच दिवस होती. त्या पायरीकडे वहिनी पुन्हा गेली नाही. मी अनेक वर्षं नानांवर रागवायचा प्रयत्न केला. जमत नाही. त्यांच्या जागी कुणी वाईट माणूस असता तर माझी केवढी सोय झाली असती. संपावरही रागवता येत नाही, त्या माणसांचं म्हणणं बरोबर होतं आणि त्यांचं सगळं गेलं. दादावर थोडं रागवता येतं, पण दिवस राहिल्याचं कळल्यावर त्याचा चेहरा मी पाहिला आहे. "संप मिटात तवसर," मूल होईतो संप मिटेल, एवढंच तो म्हणाला. पुढच्या आठवड्यात मिटणार, असं तेव्हा सगळेच दर आठवड्याला म्हणत. वहिनीच्या मनात दुसरा काही विचार आला नसेल असं नाही. तो तिने कुणाला सांगितला नाही, आणि मी आजवर विचारलेलं नाही.

पोट वाढलं तसं मशीन मारणं जमेना. पाय सुजायचे. एके दिवशी ती कारखान्यातून लवकर आली आणि दुसऱ्या दिवशी गेली नाही. ब्लाउजच्या कामावर दुसरी बाई लागली. वहिनी त्यानंतर आयुष्यभर घरातच लोकांच्या साड्यांना फॉल लावत बसली. संप मिटला असं कुणी कधी सांगितलंच नाही. तो विरत गेला, दादा एका इमारतीत लिफ्टमन झाला, आणि तोवर दीपू चालायला लागली होती.

इथेच माझी गाडी अडते. मी शाळेत शिकवलं, पालकांच्या सभांतून बोलले, बायकांच्या मंडळात भाषणं ठोकली. गोळी असो, तांबी असो, काही असो, ते नुसतं फुकट असून भागत नाही, बाईला ते कुणाला जाब न देता घेता आलं पाहिजे, हे मी टेबलावर हात आपटून सांगितलं आहे. आजही सांगेन. वहिनीचे थंड हात मला आठवतात आणि माझा आवाज चढतो. पण भाषण संपवून घरी यावं तर दीपूचा फोन असायचा, आत्या, पावभाजी केलीय, येतेस का? आमच्या घरात सगळ्यांत जीव लावणारं पोर हे. दादाच्या आजारपणात रजा काढून बसली ती हीच. त्या दिवशी नाना उठले नसते तर ही नसती. मग मी नक्की काय मागते आहे? वहिनीला ती पट्टी मिळायला हवी होती, याबद्दल माझ्या मनात तिळभर शंका नाही. आणि दीपू नसलेलं जग मला क्षणभरही नको आहे. ही दोन वाक्यं मी शेजारी शेजारी ठेवून पाहते आणि दोन्ही तशीच उभी राहतात. मंडळातल्या एका मुलीने मला एकदा विचारलं होतं, बाई, तुम्ही मधेच का थांबता? मी म्हटलं, पाणी प्यायला.

मसाला झाला. गरम डबे टॅक्सीत घालून आम्ही ठाकूरद्वारला आलो. वाटेत दीपूने बांगडे घेतले. घरी वहिनी बाहेरच्या खोलीत पाय पसरून टेकली होती, तिचा डोळा लागला होता. मी आणि दीपू स्वयंपाकघरात मसाला बरणीत भरत होतो, तेव्हा ती वर न बघता म्हणाली, "तू त्या सेंटरकडे बघत होतीस ना? कव्हरबिव्हर काही नाही."

मी बरणीतला मसाला चमच्याने दाबला.

"आईने दाखवलीय मला ती जागा. माझ्या लग्नाच्या आधी घेऊन गेली होती. सगळं सांगितलं. डबा, कुंदामावशीचा बाळू, नानाकाका, ती लाल बाटली." ती हसली. "बाटलीचं सांगताना आई इतकी हसली ना, की मला कळेना, हसू की रडू."

"म्हणजे तुला माहीत आहे?" मी विचारलं. ज्या गोष्टीवरून मी तिच्यासमोर इतकी वर्षं विषय बदलत आले, ती हिला माझ्याइतकीच माहीत होती.

"की मी नको होते? हो. सरळ म्हणाली, तू माका नको होतंस. तुझ्यावर असा प्रसंग येता नये म्हणून सांगतंय."

"वाईट नाही वाटलं गं?"

"वाटलं ना. बोलतच नव्हते तिच्याशी. नवऱ्याला, म्हणजे तेव्हा व्हायचा होता, त्याला पण सांगितलं नाही." तिने बरणीचं तोंड फडक्याने पुसलं. "मग एक दिवस ती फॉल लावत बसली होती आणि मी बघत होते. आणि मला त्या ब्लाउजच्या कामाचं आठवलं. आत्या, तोवर मला माहीतच नव्हतं की आईला काही हवं असतं. म्हणजे लहानपणापासून आम्ही काय ऐकलं? माका चलता, माका नको, तुमी खावा. मला वाटायचं, तिला खरंच सगळं चालतं. चौथं मूल नको असलेली ती बाई मला पहिल्यांदाच आईपेक्षा वेगळी, स्वतःची अशी कुणीतरी वाटली. मला बरं वाटलं. विचित्र आहे ना?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि बरण्या उघड्या असल्यामुळे मला कारण द्यावं लागलं नाही.

बाहेर वहिनी जागी झाल्याची चाहूल लागली. दीपूने बांगड्यांची पिशवी उचलली आणि दारात जाऊन उभी राहिली.

"आई, बांगडे आणलेत. काय करू?"

"काय पण कर गो. माका चलता."

दीपू हलली नाही. पिशवीतून पाणी ठिबकत होतं, तिने खाली हात धरला, पण ती दारातच उभी राहिली. वहिनीने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग पदराशी चाळा करत राहिली. एवढी साधी गोष्ट, पण तिला शोधायला वेळ लागत होता.

"तिखला कर," ती शेवटी म्हणाली. "आणि मधलो तुकडो माका होयो."